लिंक ॲग्रिगेशन

दोन स्विचमधल्या, किंवा स्विच आणि सर्व्हरमधल्या, एकाहून अधिक इथरनेट केबल मिळून एकच जोडणी म्हणून चालवण्याची पद्धत. सिस्कोच्या स्विचवर ती इथरचॅनल किंवा पोर्ट-चॅनल या नावाने ओळखली जाते, लिनक्सवर बाँडिंग म्हणून. बोलताना बहुतेक जण ‘लॅग’ म्हणतात.

दोन स्विचमध्ये नुसतीच दुसरी केबल खोचून काही साधत नाही. स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉलला तिथे लूप दिसतो आणि तो त्यातले एक पोर्ट अडवून ठेवतो. केबल शाबूत, दिवा लागलेला, पण डेटा शून्य. दोन्ही पोर्ट एका गटात घातली की स्पॅनिंग ट्रीला ती एकच दिसतात, आणि दोन्हींवरून वाहतूक सुरू होते. एक केबल तुटली तर भार दुसरीवर जातो.

या तंत्राचा इतिहास स्विचच्या इतिहासाइतकाच जुना आहे. भारतीय वंशाचे उद्योजक विनोद भारद्वाज हे सहसंस्थापक असलेल्या सिलिकॉन व्हॅलीतील ‘कल्पना’ या कंपनीने 1990च्या सुमारास सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला, इथरचॅनलही तिचेच. 1994 साली सिस्कोने ही कंपनी विकत घेतली. पुढे प्रत्येक उत्पादकाने आपापली पद्धत काढली आणि एकाचा स्विच दुसऱ्याच्या स्विचशी बांधणे अवघड होऊन बसले. 2000 साली आयईईईने 802.3एडी हे मानक मंजूर केले तेव्हा ही अडचण सुटली. 2008 पासून ते 802.1एएक्स या क्रमांकाखाली आहे.

या मानकाचा गाभा म्हणजे एलएसीपी हा प्रोटोकॉल. दोन्ही टोके एकमेकांना ठरावीक वेळाने आपली ओळख सांगणारे छोटे संदेश पाठवतात: मंद गतीत दर 30 सेकंदांनी, जलद गतीत दर सेकंदाला. लागोपाठ तीन संदेशांइतका काळ काहीच आले नाही, तर ते पोर्ट गटातून बाहेर काढले जाते. मध्ये मीडिया कन्व्हर्टर असेल तेव्हा याचे मोल कळते. पलीकडची फायबर तुटली तरी अलीकडचा दिवा जळतच राहतो, आणि हाताने ‘ऑन’ केलेला स्थिर गट त्या मेलेल्या तारेवर फ्रेम पाठवत राहतो. म्हणून दोन्ही उपकरणांना एलएसीपी येत असेल, तर स्थिर गट करण्याचे कारण उरत नाही.

सिस्कोच्या स्विचवर काम दोन ओळींचे आहे: पोर्टची रेंज निवडायची आणि ‘चॅनल-ग्रुप 1 मोड ॲक्टिव्ह’ द्यायचे. त्याआधी पोर्ट शटडाउन करावीत आणि दोन्ही टोके तयार झाल्यावरच उघडावीत. एक टोक ‘ऑन’ आणि दुसरे मोकळे राहिले तर लूप होऊ शकतो. दोन्हीकडे ‘पॅसिव्ह’ ठेवले तर पहिला संदेश कोणीच पाठवत नाही आणि गट जमत नाही. वेग, डुप्लेक्स, नेटिव्ह व्हीलॅन आणि परवानगी असलेल्या व्हीलॅनची यादी सगळ्या पोर्टवर सारखीच हवी. गट झाल्यानंतरचे व्हीलॅनचे बदल पोर्ट-चॅनल इंटरफेसवर करावेत, सुट्या पोर्टवर नव्हे.

सर्वांत मोठा गैरसमज वेगाबद्दल आहे. एक गिगाबिटच्या दोन केबल बांधल्या म्हणून एकच मोठी फाइल दोन गिगाबिटने जात नाही. एका संवादातल्या फ्रेम मागेपुढे होऊ नयेत म्हणून स्विच पत्त्यांवरून हॅश काढतो आणि तो सगळा संवाद एकाच केबलवर ठेवतो. दोन केबलच्या साध्या गटात दोन आयपी पत्त्यांचा शेवटचा बिट पाहिला जातो: .10 आणि .21 यांचे बिट वेगळे, म्हणून एक केबल; .10 आणि .20 यांचे सारखे, म्हणून दुसरी. सर्व्हरचा बॅकअप एकाच कनेक्शनवर चालत असेल, तर तो सेकंदाला सव्वाशे मेगाबाइटच्या पुढे जाणार नाही, मग केबल चार असोत. खरा लाभ होतो तो अनेक जण एकाच वेळी काम करत असताना.

हॅश कशावरून काढायचा हे निवडता येते, आणि इथेच बरेच गट वाया जातात. पलीकडे राउटर असेल तर गंतव्य मॅक पत्ता कायम त्या राउटरचाच असतो; मॅकवर आधारलेला हॅश एका सर्व्हरची सारी वाहतूक एकाच केबलवर लोटतो. तिथे आयपी, शक्य असल्यास टीसीपी पोर्टही, हिशेबात घ्यावेत. जुन्या कॅटलिस्ट स्विचमध्ये हॅशचे आठच कप्पे असल्याने तीन केबलमध्ये वाटणी 3:3:2 अशी पडते. दोन, चार किंवा आठ केबल घेतल्या तर ती समान होते.

तपासणीसाठी ‘शो इथरचॅनल समरी’ पुरेसे आहे. पोर्टपुढे ‘पी’ असेल तर ते गटात आहे, ‘आय’ असेल तर एकटे चालते आहे, लहान ‘एस’ असेल तर थांबवलेले आहे. लिनक्सवर बाँडिंगच्या स्थितीत समोरच्याचा मॅक पत्ता सगळा शून्य दिसला, तर पलीकडून एलएसीपी बोललेच जात नाही असे समजावे.

गट जमल्यावर पिंग चालू ठेवून एकेक केबल काढून पाहावी. ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी, आणि ती पार पडल्यावरच कॉन्फिगरेशन सेव्ह करावे.