भाड्याऐवजी चित्र!

आपल्याकडे भाडं थकलं की मालक आधी पाणी तोडतो, मग कुलूप बदलतो. न्यूयॉर्कमधे एक मालक होता, तो भाडेकरूकडून चित्र घ्यायचा आणि लॉबीत टांगायचा. खरंच!

हॉटेल चेल्सी. 23व्या रस्त्यावरची लाल विटांची 12 मजली इमारत. 1884 साली सहकारी तत्त्वावर, म्हणजे आपल्या सोसायटीसारखी बांधलेली. ते गणित बुडालं आणि 1905 पासून तिथे हॉटेल आलं. 1940च्या दशकात हंगेरीहून आलेल्या डेव्हिड बार्डने दोन भागीदारांबरोबर ते विकत घेतलं. पुढे कारभार त्याच्या मुलाकडे, स्टॅन्ली बार्डकडे आला.

स्टॅन्लीचा हिशोब वेगळाच होता. 1969 साली पॅटी स्मिथ आणि रॉबर्ट मॅपलथॉर्प खिशात दमडी नसताना आले, तर तारण म्हणून त्यांच्या चित्रांच्या फाईली चालल्या. आर्थर मिलर इथे राहिला, बॉब डिलन राहिला. आर्थर सी. क्लार्कने '2001'चं लिखाण इथेच केलं. स्टॅन्ली काही संत नव्हता हं. भाड्यासाठी तगादाही लावायचा. आणि 1978 साली याच हॉटेलात नॅन्सी स्पन्गेनचा खून झाला, तेही विसरून चालणार नाही.

मग 2007 उजाडलं. वडिलांच्या भागीदारांच्या वारसांनी स्टॅन्लीला कारभारातून बाजूला केलं. त्यांचंही पूर्ण चुकलं असं मला वाटत नाही. मॅनहॅटनमधली जागा, तिच्यातून जास्त पैसा यावा असं भागीदारांना वाटणारच. 2011 साली सुमारे 8 कोटी डॉलरला हॉटेल विकलं गेलं, लॉबीतली चित्रं उतरली, आणि दहाएक वर्षं धूळ आणि हातोडे. 2022 साली ते पुन्हा उघडलं, चकाचक आणि महाग. स्टॅन्ली 2017 सालीच गेला होता.

गंमत बघा, 1966 साली या इमारतीला शहराने वारसा दर्जा दिला होता, त्यामुळे दर्शनी भिंत वाचली. भाडेनियंत्रण कायदा होता, त्यामुळे चिवट जुने भाडेकरू वाचले. पण 'पैसे नाहीत? बरं, चित्र दे' हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते एका माणसाच्या स्वभावात होतं. तो खुर्चीवरून उठला आणि ते संपलं.

विटा जपायला कायदा करता येतो. दिलदारपणाचं काय करायचं?

असो. सोमवारी भेटूच!