रेसकोर्सच्या जमिनीचं पुढे काय? करार संपला की ठरतं सगळं

पुणे : सोलापूर रस्त्याने पुण्यात शिरताना कॅम्पाजवळ एक मोठं मोकळं मैदान दिसतं. हाच पुण्याचा रेसकोर्स. साधारण 1830 पासून इथे घोडे पळतात. सुमारे 118 एकर जागा, म्हणजे जवळपास 4 हजार 700 गुंठे. शर्यती भरवतो रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब. जमीन मात्र संरक्षण खात्याची. पावसाळ्यात पुण्यात आणि हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मीला, असा या क्लबचा हंगाम चालतो.

धंदा का मंदावला?

शर्यतीचा खर्च पैजेच्या पैशावर चालतो. 2017 मध्ये जीएसटी आला आणि पैजेवर 28 टक्के कर बसला. सप्टेंबर 2025 पासून तो 40 टक्के झाला. कर वाढला की माणूस चोरून चालणाऱ्या सट्ट्याकडे वळतो, असं या क्षेत्रातल्या लोकांचं म्हणणं आहे. शर्यती कमी झाल्या की शहराच्या मधोमध एवढी जागा घोड्यांसाठी कशाला, हा प्रश्न येतोच.

मुंबईत काय झालं?

महालक्ष्मी रेसकोर्स 1883 चा, सुमारे 211 एकरांचा. जमीन राज्य सरकार आणि मुंबई महापालिकेची. क्लबचा भाडेकरार 31 मे 2013 ला संपला आणि पुढची दहा-अकरा वर्षं निर्णयाविना गेली. अखेर जून 2024 मध्ये मंत्रिमंडळाने तोडगा मान्य केला. 120 एकर जागा महापालिकेला सार्वजनिक उद्यानासाठी, तर 91 एकर क्लबकडे 2053 पर्यंत भाड्याने. उद्यानाच्या नावाखाली पुढे बांधकाम होईल, अशी भीती काही मुंबईकरांनी तेव्हा बोलून दाखवली.

चेन्नईचा मार्ग वेगळा

तमिळनाडू सरकारने भाडं थकल्याच्या कारणावरून सप्टेंबर 2024 मध्ये चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सची सुमारे 160 एकर जागा ताब्यात घेतली. पुराचं पाणी साठावं म्हणून तिथे तळी खोदली. त्याआधी उटीच्या रेसकोर्सचीही जागा घेतली होती.

पुण्यात कोण ठरवणार?

पुण्याची गोष्ट निराळी आहे. जमीन लष्कराची, त्यामुळे महापालिका किंवा राज्य सरकार परस्पर काही करू शकत नाही. शेवटचा शब्द दिल्लीचा. पण एकदा का तिथे इमारत उभी राहिली, की मोकळी जागा पुन्हा मिळत नाही.

गावानं यातून काय घ्यावं?

गावातही असंच असतं. गायरान, तळ्याची जागा, देवस्थानाची किंवा संस्थेला भाड्याने दिलेली सरकारी जमीन. ती कुणाच्या नावावर आहे आणि कोणत्या अटीवर दिली आहे, हे आधी बघा. सातबाऱ्यावर मालकाचं नाव आणि 'इतर हक्क' वाचा. अटीवर दिलेल्या सरकारी जमिनींची नोंद गाव नमुना 1-क मध्ये, तर अतिक्रमणांची 1-ई मध्ये असते. दोन्ही तलाठ्याकडे मिळतात. गावाच्या सामायिक जमिनी वाचवा, असं सुप्रीम कोर्टाने 28 जानेवारी 2011 च्या जगपाल सिंग निकालात राज्यांना बजावलं आहे.

मुदत कधी संपते, हे ग्रामसभेत आधीच विचारून ठेवा. मुदत संपल्यावर जागं होऊन उपयोग नसतो.