कौल आणि साक्ष : ऑरॅकल-जाळ्यांच्या इतिहासासंबंधी एक टिपण

मराठीत ‘कौल’ हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ वचन, बोल. जुन्या महसुली कागदपत्रांत तो करारनाम्यासाठी येतो. पडीक जमीन लागवडीस आणण्याकरिता दिला जाणारा इस्तावा कौल अभ्यासकांस परिचितच आहे. कोकणात व गोमंतकात मात्र देवाच्या मूर्तीस पाकळ्या लावून घेतलेला निर्णय, तोही कौलच. करार आणि देववाणी यांची अशीच गाठ ब्लॉकचेनच्या अलीकडील इतिहासात पडलेली दिसते.

२०१५ साली इथेरियम सुरू झाले आणि स्वतःची अंमलबजावणी स्वतःच करणारे करार व्यवहारात आले. परंतु हे करार जन्मांध होते. वहीतील प्रत्येक संगणकाने तेच गणित करून तेच उत्तर काढावे, हा या व्यवस्थेचा पाया. बाहेरचा बाजारभाव प्रत्येकाने आपापला विचारला, तर उत्तरे भिन्न येऊन एकमतच मोडावयाचे. म्हणून बाहेरची वार्ता कोणीतरी आधी वहीत नोंदवावी लागते. या वार्ताहरास ‘ऑरॅकल’ म्हणतात. डेल्फीच्या देववाणीचे हे नाव सुबक खरे, पण फसवे. तो भविष्य सांगत नाही, घडलेले सांगतो. प्रस्तुत लेखकाच्या मते हा कौल नव्हे, साक्ष होय.

आरंभीचे साक्षीदार एकटेच होते. २०१५ ची ऑरॅक्लाइझ ही सेवा तशीच. २०१६ मध्ये कॉर्नेलच्या संशोधकांनी मांडलेला ‘टाउन क्रायर’ म्हणजे तर नावानेच दवंडीवाला. सप्टेंबर २०१७ मध्ये स्टीव्ह एलिस, अरी ज्युएल्स व सर्गेई नाझारोव्ह यांनी चेनलिंकची श्वेतपत्रिका काढून अनेक स्वतंत्र साक्षीदारांच्या उत्तरांतून एक उत्तर काढण्याची कल्पना पुढे मांडली. मे २०१९ मध्ये हे जाळे इथेरियमवर चालू झाले.

तथापि त्याचा स्वीकार युक्तिवादापेक्षा ठेचांमुळे अधिक झाला. जून २०१९ मध्ये सिंथेटिक्सच्या स्वतःच्या ऑरॅकलला कोरियन वॉनचा भाव एका स्रोताकडून हजारपट मिळाला, आणि एका स्वयंचलित व्यापाऱ्याच्या खात्यात ३ कोटी ७० लाख कृत्रिम इथर जमा झाले. ते पुढे तडजोडीने परत मिळाले. सिंथेटिक्स त्यानंतर चेनलिंककडे वळले. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेल्या आवेने आरंभापासूनच तेच जाळे पत्करले.

नोव्हेंबर २०२० चे कंपाउंडचे प्रकरण याहून बोधक आहे. कॉइनबेसवर डाय या नाण्याचा भाव काही काळ १.३० डॉलरवर गेला, तोच प्रमाण मानला गेला, आणि सुमारे ८ कोटी ९० लाख डॉलरची कर्जे वसुलीत निघाली. येथे साक्षीदार खोटे बोलला नव्हता; एका पेठेचा भाव म्हणजेच ‘भाव’, हा अर्थ मात्र कराराने गृहीत धरला होता.

आकड्यांची ही स्थिती, तर वाक्यांची काय वर्णावी? मार्च २०२५ मध्ये पॉलीमार्केटवरील एका पैजेत, युक्रेन खनिज-करारास त्या महिन्यात ‘मान्यता’ देईल काय, असा प्रश्न होता. यूएमए या ऑरॅकलच्या नाणेधारकांनी मतदानाने ‘होय’ असा निर्णय दिला. काही थोड्या हातांत मतांचा मोठा वाटा होता. प्रत्यक्ष करारावर सह्या झाल्या त्या ३० एप्रिल रोजी.