मुल्सुम: जेजूच्या पाणबुड्या स्त्रिया आणि दमाचे अर्थकारण

कोरियन द्वीपकल्पाच्या दक्षिणेकडील जेजू बेटावर कोणतेही श्वसनयंत्र न वापरता, केवळ दम रोखून समुद्रतळाशी जाणाऱ्या आणि अबलोन नावाचे मोठे शिंपले, शंख व समुद्री शेवाळ काढून आणणाऱ्या स्त्रियांना हेन्यो, म्हणजे समुद्रस्त्रिया, असे म्हणतात. त्यांच्या बोलीत ‘मुल्सुम’ असा एक शब्द आहे. ‘मुल’ म्हणजे पाणी आणि ‘सुम’ म्हणजे श्वास. दम सरत आला असतानाही तळाशी दिसलेल्या शिंपल्याचा मोह जिला आवरत नाही, तिच्या छातीत हवेऐवजी शिरणारे पाणी म्हणजे मुल्सुम. दम रोखून बुडी मारणाऱ्याची शुद्ध मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने अचानक हरपते, तेव्हा आजचे वैद्यक त्या अवस्थेला ब्लॅकआउट म्हणते. पाण्याखाली या बेशुद्धीचा शेवट ज्या श्वासाने होतो, त्याला जेजूच्या स्त्रियांनी स्वतंत्र नाव दिले, आणि त्या नावाला लोभाचा अर्थही चिकटवला.

हा अर्थ मात्र इतिहासाच्या कसोटीवर पुरता उतरत नाही. कोरियाच्या जोसोन राजवटीत जेजूवरून अबलोन राजदरबारी खंडणी म्हणून पाठवावे लागत आणि ते काढण्याचे काम प्रारंभी प्रामुख्याने पुरुषांकडे होते. ठरलेला भरणा झेपेनासा होऊन माणसे बेट सोडून पळू लागली, तेव्हा १६२९ मध्ये बेटाबाहेर जाण्यावरच बंदी घालण्यात आली आणि ती सुमारे दोन शतके टिकली. पुरुष पाणबुड्यांची संख्या घटत गेली तसा खंडणीचा भार, पूर्वी मुख्यतः शेवाळ काढणाऱ्या स्त्रियांवर येऊन पडला. ज्या व्यवसायात शिंपल्यांची संख्या सरकारी वहीत आधीच लिहिलेली असे, त्यात तळाशी क्षणभर जास्त थांबणाऱ्या बाईला लोभी ठरवणे म्हणजे करवसुलीचा दोष बुडणारीच्या माथी मारणेच होय.

तरीही या स्त्रियांनी आपल्या कामाची जी रीत बसवली, ती दमाच्या हिशेबाची होती यात शंका नाही. कौशल्यानुसार त्यांच्या सांगुन, जुंगुन आणि हागुन, म्हणजे वरच्या, मधल्या आणि खालच्या, अशा तीन श्रेणी मानल्या जात, आणि खोल पाण्यात उतरण्याचा अधिकार वरच्या श्रेणीला असे. कोणीही एकटीने समुद्रात जाऊ नये असा दंडक होता. प्रत्येकीचा वाळवलेला भोपळा पाण्यावर तरंगत असे आणि माल साठवण्याचे जाळे त्यालाच लटकलेले असे. महाराष्ट्रातील विहिरींवर पोरे ज्या सुक्या भोपळ्याच्या आधाराने पोहायला शिकत, त्याच जातीचा हा आधार, मात्र इथे तो वर येऊन विसावण्यासाठी आणि सोबतिणींना आपली जागा कळवण्यासाठी असे. पृष्ठभागावर आल्यावर श्वास सोडताना निघणाऱ्या लांब शिटीला ‘सुंबिसोरी’ म्हणतात, आणि ती ऐकू येणे हीच कोण वर आली याची खूण ठरे. सर्वांत धोक्याचे हत्यार बिचांग हे होते. अबलोन खडकाला घट्ट चिकटतो, म्हणून त्याच्याखाली सारायची ही चपटी लोखंडी पट्टी दोरीने मनगटाला बांधलेली असे. ती एका झटक्यात नीट बसली नाही आणि शिंपल्याने खडक आवळून धरला, तर पट्टी अडके आणि पट्टीबरोबर हातही अडके.

भूमध्य समुद्रात १९३० च्या दशकात चष्मा व भाला घेऊन दम रोखून मासे मारण्याचा जो छंद रुजला, त्याच्यामागे अशी कोणतीही रीत नव्हती. अमेरिकन लेखक गाय गिलपॅट्रिक याने फ्रान्सच्या किनाऱ्यावर शिकून १९३८ मध्ये या शिकारीवर पुस्तक लिहिले, आणि इटलीच्या हवाई दलातील अधिकारी व पाण्याखालचा शिकारी राइमोंदो बुखेर याने १९४९ मध्ये पैज लावून ३० मीटरचा तळ गाठला. या मंडळींपैकी अनेकजण बुडीपूर्वी भराभर खोल श्वास घेत. त्यामुळे प्राणवायूचा साठा विशेष वाढत नाही, परंतु रक्तातील कर्बद्विप्राणिल वायू (कार्बन डायऑक्साइड) मात्र घटतो. आणि श्वास घेण्याची निकड प्राणवायूच्या टंचाईपेक्षा मुख्यतः या वायूच्या साठण्याने निर्माण होते, हे हॉल्डेन आणि प्रीस्टली या शरीरशास्त्रज्ञांनी १९०५ मध्येच दाखवले होते. म्हणजे बुडी मारणारा आपल्या हाताने धोक्याची घंटा काढून ठेवतो. त्यात दाबाची भर पडते. १० मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट असल्यामुळे, फुप्फुसात उरलेला थोडा प्राणवायूही तळाशी रक्तात पुरेशा जोराने शिरतो आणि शिकारी निश्चिंत राहतो. वर येताना दाब निम्मा होतो, तसा तो जोरही निम्म्यावर येतो आणि शुद्ध हरपते ती बहुधा शेवटच्या काही मीटरमध्ये किंवा पाण्याबाहेर डोके आल्यावर. भाल्याला लागलेला मासा खेचण्याचे श्रम प्राणवायू आणखी वेगाने संपवतात. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ आल्बर्ट क्रेग याने पाण्याखालील बेशुद्धीची ही कारणमीमांसा १९६१ मध्ये मांडली आणि १९७६ मध्ये अशा ५८ घटनांचा आढावा प्रसिद्ध केला.

त्याच सुमारास हाँग सुक-की आणि हर्मन रान हे शरीरशास्त्रज्ञ जेजूच्या हेन्यो व जपानच्या आमा या दोन्ही पाणबुड्या समाजांचे श्वसन मोजत होते. या स्त्रिया बुडीपूर्वी काही सेकंदच श्वास वाढवतात, छाती काठोकाठ न भरता सुमारे ८५ टक्केच भरतात आणि बोटीच्या मदतीविना होणारी बुडी साधारण अर्ध्या मिनिटात आटोपतात, असे त्यांना आढळले. परंपरा म्हटली की शहाणपण आलेच, असे मात्र नाही. प्रशांत महासागरातल्या तुआमोतू द्वीपसमूहातील ताकापोतो येथील मोत्यांच्या शिंपल्यांचे पाणबुडे कित्येक मिनिटे जोरजोरात श्वास घेत आणि ३० मीटर व त्याहून खोल बुड्या थोड्याच विश्रांतीने मारत. त्यांच्यात चक्कर, अर्धांगवायू, बेशुद्धी आणि मृत्यू आणणारी ‘तारावाना’ नावाची व्याधी आढळे. तिचे कारण निव्वळ ब्लॅकआउट नव्हे, तर वारंवार खोल जाण्याने रक्तात साठणारा नायट्रोजनही त्यात असावा असे मानले जाते. दोन बुड्यांमध्ये १२ ते १५ मिनिटे थांबणाऱ्या मांगारेवा बेटाच्या पाणबुड्यांना ही व्याधी ठाऊक नव्हती.

जेजूत विश्रांती ठरवणारा खरा मुकादम थंडी हा होता. सुती पोशाखात हिवाळ्यात पंधरा-वीस मिनिटांतच अंग गारठे, आणि बायका किनाऱ्यावरील बुल्तोक या दगडी आडोशात शेकोटीभोवती येऊन बसत. १९७० च्या दशकात रबरी पोशाख आला आणि पाण्यातले काम काही तासांपर्यंत लांबले. बुडी तेवढीच राहिली, पण बुड्यांची संख्या वाढली. जपानमधील काही आमा गावांनी अशा पोशाखांवर बंधने घातली, ती पाणबुडीच्या जिवासाठी नव्हे, तर अबलोन संपून जाऊ नये म्हणून.