पंचगंगेवरील दीपमाळ

लखनौस राहणाऱ्या मराठी माणसास रोषणाईचे अप्रूप राहत नाही. महंमद अली शाहाने (१८३७–१८४२) बांधविलेला हुसेनाबादचा इमामबाडा मोहरमच्या दिवसांत झुंबरांनी उजळतो आणि तो पाहावयास सर्व धर्मांचे लोक लोटतात. परंतु हिजरी पंचांगामुळे तो सोहळा कधी ऐन उन्हाळ्यात, तर कधी थंडीत येतो. थंडीच्या तोंडाशी नेमाने येणारी दिव्यांची रात्र म्हणजे आपली त्रिपुरी पौर्णिमा. त्या दिवशी येथे गोमतीवर स्नानास गर्दी होते आणि डालीगंजास ‘कतकी’ मेळा भरतो. (‘कार्तिकी’चे हे अवधी रूप आम्हांस मोठे गोड वाटते.) तथापि दिव्यांसाठी जावे ते काशीसच.

काही वर्षांमागे आम्ही चार-पाच स्नेही रजा जुळवून तेथे गेलो. पंचगंगा घाटावर दगडी दीपस्तंभ आहे. सुमारे हजार दिव्यांचा म्हणून लोक त्यास ‘हजारा’ म्हणतात. त्या रात्री त्याच्या अंगावरील प्रत्येक हातावर पणती तेवत होती. आमच्यातील एक पुणेकर पाहताक्षणी म्हणाले, “अहो, ही तर जेजुरीची दीपमाळ!” ते खोटे नव्हे. परंपरा या स्तंभाचे श्रेय अहल्याबाई होळकरांस देते. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. १७८०च्या सुमारास काशी विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभविणाऱ्या या बाईंनी गंगेच्या काठी दीपमाळही उभारावी, यात आश्चर्य ते कोणते?

मराठी माणसाचे या तिथीशी व या नगरीशी नाते मात्र त्याहून दोनशे वर्षांनी जुने आहे. एकनाथांनी भागवताच्या एकादश स्कंधावरील टीकेचे पहिले पाच अध्याय पैठणास रचले, उरलेले काशीत. ग्रंथ पुरा झाला तो शके १४९५ च्या, म्हणजे इ. स. १५७३ च्या, कार्तिकी पौर्णिमेस. ही नोंद नाथांनी स्वतःच ग्रंथाच्या शेवटी केलेली आहे. भागवत प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी प्रथम डोळे वटारले व पुढे त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, ही कथा चरित्रकारांची. ती सोडून दिली तरी परमुलखात बसून, संस्कृत पांडित्याच्या माहेरघरी, एका माणसाने हजारो ओव्या मराठीत लिहिल्या, एवढे उरतेच. बदलीच्या गावी मुलांचे मराठी कसे टिकेल या विवंचनेत असणाऱ्या आम्हां मंडळींस ते थोडे नाही.

आमच्यातील एका चिकित्सक गृहस्थांस मात्र हा थाट रुचला नाही. साऱ्या घाटांवर लक्षावधी दिवे लावण्याची ‘देवदिवाळी’ आजच्या रूपात १९८०च्या दशकातली आहे, मग हिला प्राचीन कशास म्हणावे, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. स्वीडनमध्ये १३ डिसेंबरला शुभ्र वस्त्रातील मुलगी डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घालून येते. जुन्या पंचांगाप्रमाणे लोक ती वर्षातील सर्वांत मोठी रात्र मानीत. पश्चिम स्वीडनमधील काही घरांत ही लूसिया अठराव्या शतकापासून येत होती. १९२७ साली स्टॉकहोमच्या एका वृत्तपत्राने लूसिया निवडण्याची स्पर्धा लावली, त्यानंतर ती देशभर पसरली. म्हणून तेथील लोक तिला नकली म्हणत नाहीत. आमच्या मते काशीचेही तसेच आहे. गर्दी नवी आहे, ध्वनिक्षेपक तर नकोसे नवे आहेत. पण दगडाचा हजारा जुना आहे, आणि कार्तिकात पितरांसाठी उंच बांबूवर टोपलीत टांगलेले आकाशदिवेही जुने आहेत.

वाद नावेतही चालूच होता. नाव फिरून पंचगंगेपाशी आली तेव्हा घाटावरील बहुतेक पणत्या विझल्या होत्या. हजाऱ्याच्या खालच्या ओळींत एक पोरगा तेल घालीत होता. चिकित्सक गृहस्थांनी नावाड्यास जरा थांबावयास सांगितले.