चार आणे, सावकार आणि पायविहीरचं सीताफळ

आजची गोष्ट आपल्या वऱ्हाडातली आहे.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना मी एक ओळ पाठ केली होती. १९४७ साली अमरावती जिल्ह्यातल्या बायकांनी २५-२५ पैसे जमवून महाराष्ट्रातला पहिला बचत गट काढला. पुढं लक्षात आलं, अरे, नवे पैसे तर १९५७ मध्ये आले! म्हणजे ही गोष्ट खरी असेल, तर ते चार आणे असणार.

पण चार आणे जमवायचे कशाला? उत्तर एकच, सावकार. मेळघाटातल्या कोरकू घराचा विचार करा. पावसाळ्यात कणगीतलं धान्य संपतं आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी आजारी पडतं. अशा वेळी दारात उभा राहतो तो सावकार. बचत गटानं इथंच घाव घातला. दहा-बारा बाया दर महिन्याला ठरलेली रक्कम भरतात आणि त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात. व्याज द्यावंच लागतं, पण ते गटाच्याच पेटीत राहतं.

सरकार या वाटेवर टप्प्याटप्प्यानं आलं. १९७५ मध्ये माविम स्थापन झालं, १९९२ मध्ये नाबार्डनं गट बँकांना जोडायला सुरुवात केली आणि २०११ मध्ये 'उमेद' आलं.

आता अडचणीचा प्रश्न. कर्ज मिळालं, पण फेडायचं कशातून? डोंगरातली कोरडवाहू शेती वर्षभर पुरत नाही. म्हणून कितीतरी कुटुंबं हरभरा-तुरीच्या कापणीला अमरावती-अकोल्याच्या सपाटीवर उतरतात आणि होळीला गावी परततात. गट अडीनडीला पैसा देतो, पण कमाईचं साधन कुठून आणणार? साधन म्हणजे जंगल, अन् ते डोळ्यासमोर असूनही कागदावर त्यांचं नव्हतं.

हे बदललं २००६ च्या वनहक्क कायद्यानं. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. लोकांनी रोजगार हमीच्या कामातून उजाड टेकडीवर झाडं लावली, पाणी अडवलं. सीताफळाची तोडणी, निवड, विक्री ग्रामसभेनं हातात घेतली आणि फळ 'नॅचरल्स मेळघाट' या नावानं बाजारात आलं. आधी भाव व्यापारी सांगायचा, आता गाव बोलू लागलं. २०१४ मध्ये याच गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

मला यातून एवढंच समजलं, की बचतीनं माणूस सावकारापासून वाचतो, पण पोट भरायला हक्काचं साधन लागतं. पायविहीरला एकजूट होती, आणि तिच्या हाती जंगलही आलं.

माझी आईही अकोल्यात एका गटात आहे. तिला मी विचारलं, "पहिलं कर्ज कशासाठी घेतलं होतंस?" ती म्हणाली, "तुह्या फीसाठी." तुम्हीही आज घरी विचारून पाहा, अन् काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात!