पहिली सभा: बेळगाव-निपाणी पट्ट्यातील सकाळच्या आकाशवाणीचा इतिहास

आकाशवाणीच्या परिभाषेत दिवसाचे प्रसारण तीन भागांत विभागलेले असते आणि त्या प्रत्येक भागाला सभा असे नाव आहे. पहाटे सहाच्या सुमारास संकेतधुनीने उघडणारी, वंदे मातरम्, मंगलवाद्य, चिंतन, भक्तिसंगीत, बातम्या, शेतीविषयक माहिती आणि एखादी भेटवार्ता अशा क्रमाने पुढे सरकणारी ती पहिली सभा होय. सीमाभागात, म्हणजे १९५६ नंतर आजच्या कर्नाटकात राहिलेल्या बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठीबहुल पट्ट्यात, ही सभा एकाच घरात दोन भाषांतून ऐकली गेली. या प्रदेशाचा इतिहास बहुधा ठराव, मोर्चे, आयोग आणि न्यायालये यांच्या आधारे लिहिला जातो. त्यात कानांनी घडवलेल्या या सकाळीला जागा मिळालेली नाही, आणि ती मिळायला हवी.

या भागाच्या सर्वांत जवळचे मोठे केंद्र धारवाडचे. ते ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले, तेव्हा धारवाड आणि बेळगाव हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. त्यानंतर २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र उघडले, आणि त्याने आरंभीच सकाळच्या वेळेचे सामर्थ्य दाखवून दिले: ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीपासून दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला प्रसारित होऊ लागले आणि ५६ गीतांनंतर एप्रिल १९५६ मध्ये पूर्ण झाले. पुढे त्याचे कन्नडमध्येही भाषांतर झाले. ही मालिका संपून जेमतेम सहा महिने होतात तोच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला आणि त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. ६ ऑक्टोबर १९६३ रोजी सांगली केंद्र सुरू झाल्यावर सीमेच्या दोन्ही अंगांना दोन केंद्रे उभी राहिली. बेळगावहून धारवाड सुमारे ८० किलोमीटर, तर सांगली त्याहून बरीच दूर. निपाणीला मात्र सांगलीच जवळची. या अंतरांनी पुढच्या तीन दशकांची श्रवणाची सवय ठरवली.

त्या सवयीमागचे भौतिक कारण समजून घेण्यासारखे आहे. ही केंद्रे मध्यम लहरींवर, म्हणजे साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, प्रसारण करीत; धारवाडचा काटा ७६५ वर, सांगलीचा १२५१ वर. या लहरी दिवसा मुख्यतः जमिनीलगत पसरतात, कारण सूर्यप्रकाशाने वातावरणाच्या उंच भागात तयार होणारा एक विद्युतभारित थर आकाशाकडे जाणारा भाग शोषून घेतो. रात्री तो थर विरतो आणि लहरी त्याहून वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर दूर उतरतात. पहाट हा या दोन अवस्थांमधला सांधा असतो. त्यामुळे पहाटे काटा फिरवणाऱ्याला मुंबई किंवा हैदराबाद अशी दूरची केंद्रे ऐकू येत, ऊन चढू लागले की ती खरखरीत बुडत, आणि जवळची केंद्रे तेवढी स्वच्छ उरत. सीमाभागातील सकाळ अशी रोज उजाडताना मोठ्या जगातून आपल्या दोन शेजारी केंद्रांपाशी येऊन थांबे. रेडिओ सिलोनची गोष्ट निराळी होती, कारण ते लघुलहरींवर असल्याने दिवसाही दूरवर पोहोचत असे. १९५२ नंतर माहिती व प्रसारण मंत्री बा. वि. केसकर यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते हटली, तेव्हा साडेसात ते आठ या वेळात जुनी गाणी वाजवून शेवटी सैगलचे गीत लावणारे सिलोन सीमाभागातील श्रोत्यांनाही जवळचे वाटू लागले असल्यास नवल नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झालेली विविध भारती ही त्यावरची सरकारी उपाययोजना होती.

तरीही या सकाळीचा गाभा चित्रपटगीतांत नव्हता. चिंतन म्हणजे काही मिनिटांचे, एखादा विचार किंवा संतवचन घेऊन केलेले छोटे भाषण. हा प्रकार मराठी आणि कन्नड या दोन्ही प्रसारणांत रुजला, आणि दोन्ही भाषांत त्याचे नावही एकच राहिले. त्यानंतरच्या भक्तिसंगीतात इकडे अभंग, तर तिकडे वचने व दासपदे, म्हणजे अनुक्रमे बसवादी शरणांची गद्यकाव्ये आणि पुरंदरदासादी हरिदासांची पदे, गायली जात. गदगच्या भीमसेन जोशींनी अभंगवाणी आणि दासवाणी दोन्ही गायिली; धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर यांनी कोल्हापुरात रुजलेल्या जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम अल्लादिया खाँच्या पुत्रांकडून घेतली आणि पुढे ते धारवाड केंद्राचे संगीत सल्लागार झाले. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्वही याच पट्ट्याचे. काटा सांगलीवरून धारवाडवर नेला तरी राग तोच राही, अनेकदा कंठही तोच असे. भाषा तेवढी बदले. याच धारवाड केंद्राचे साहित्य सल्लागारपद द. रा. बेंद्रे यांनी भूषविले. घरी मराठी बोलणारा, कन्नडचा श्रेष्ठ कवी ठरलेला आणि ‘संवाद’ हे मराठी पुस्तक लिहिणारा हा माणूस या प्रदेशाच्या द्विभाषिक सकाळीचा सर्वांत अस्सल प्रतिनिधी मानला पाहिजे.

संगीताच्या बाबतीत सीमा विरघळली, हे जितके खरे, तितकेच पाहुण्यांच्या बाबतीत ती टिकली हेही खरे आहे. आकाशवाणीच्या प्रत्येक केंद्राला ठराविक जिल्हे नेमून दिलेले असतात. वक्ते, गायक, शेतीतज्ज्ञ यांना त्या क्षेत्रातून करारपत्र पाठवून बोलावले जाते आणि गायकांची निवड स्वरपरीक्षेने होते. बेळगाव जिल्हा धारवाडच्या क्षेत्रात होता. परिणामी निपाणीचा तंबाखू उत्पादक किंवा बेळगावचा मराठी शिक्षक सांगलीची सकाळ ऐके, पण त्याचा जिल्हा सांगलीच्या क्षेत्रात नसे. आणि ज्या केंद्राच्या क्षेत्रात तो येई, त्याची मुख्य भाषा कन्नड होती. १९८१ मध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन देशभर गाजले आणि ६ एप्रिलला तेथे पोलीस गोळीबार झाला. अशा गावाला स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या ध्वनिक्षेपकावरून रोज बोलण्याची सोय नव्हती. ऐकणारा मोठा आणि बोलणारा लहान, ही या प्रदेशाच्या आकाशवाणीतील खरी उणीव होती.

एफएम आल्यावर चित्र पालटले, परंतु अपेक्षेप्रमाणे नव्हे. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर व अंतर त्यांना अडवतात. म्हणून कोल्हापूरचे १०२.७ मेगाहर्ट्झवरील केंद्र चाळीस किलोमीटरवरील निपाणीला सुस्पष्ट मिळाले, तर शंभराहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या बेळगावला त्याचा तसा लाभ झाला नाही. मध्यम लहरींनी एकत्र ठेवलेला पट्टा एफएमने अशा रीतीने दोन भागांत विभागला. बेळगावात केएलई संस्थेचे वेणुध्वनी हे ९०.४ वरील समुदाय रेडिओ केंद्र उभे राहिले. समुदाय रेडिओ म्हणजे १०० वॅटपर्यंतच्या मर्यादित शक्तीवर चालणारे, नफा न कमावणारे स्थानिक केंद्र. २००६ च्या केंद्रीय धोरणानुसार त्याचा किमान निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावा लागतो. पाहुणा गावातलाच असावा, हा आग्रह येथे प्रथमच नियमाच्या रूपात आला, आणि सीमाभागासाठी त्याचे मोल कोणत्याही शक्तिशाली प्रक्षेपकाहून अधिक आहे.

या इतिहासाची साधने मात्र वेगाने नाहीशी होत आहेत. फितींवरील बरेचसे दैनंदिन प्रसारण पुसून त्याच फिती पुन्हा वापरणे ही रेडिओतील जुनी रीत होती, त्यामुळे खरा आधार उरतो तो छापील कार्यक्रमपत्रिकांचा आणि श्रोत्यांच्या स्मरणाचा. बेळगाव, खानापूर आणि निपाणीतील वाचनालयांनी व महाविद्यालयांनी धारवाड आणि सांगली या दोन्ही केंद्रांच्या जुन्या कार्यक्रमपत्रिका शोधून एकत्र ठेवाव्यात, आणि १९६३ ची सांगलीची पहिली सकाळ ज्यांनी ऐकली ते श्रोते आज ऐंशीच्या घरात आहेत, त्यांच्या आठवणी मराठीत व कन्नडमध्ये आताच ध्वनिमुद्रित कराव्यात.